२०१३ च्या पिकअपला २०१८ चं इंजिन: पैसे देण्याआधी हे बघून घ्या

प्रश्न ओतूरकडच्या एका भाजी वाहतूक करणाऱ्या दादांचा आहे. गाडी २०१३ ची बोलेरो पिकअप, बीएस-३ (धुराच्या सरकारी नियमांचा तिसरा टप्पा), मेकॅनिकल पंपाची, रेसला केबल. कल्याणहून परतीचा किराणा भरून माळशेज चढताना रेडिएटरचा खालचा होज फाटला. काटा लाल पट्ट्यात गेल्याचं लक्षात येईपर्यंत इंजिन जाम झालं. अर्ध्या तासाने गार झाल्यावर पुन्हा स्टार्ट करून गाडी काढली, तर दोन किलोमीटरवर खडखडाट करत कॉनरॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. आता ओळखीच्या एकाकडे अपघातातल्या २०१८ च्या पिकअपचं इंजिन आहे, सत्तर हजार किलोमीटर चाललेलं. दादांचं म्हणणं, दोन्ही इंजिनं २५२३ सीसी, कंपनी एक, गाडी एक, मग घ्यायला काय हरकत?

दादा, आधी सरळ उत्तर देतो, कारण तुमची गाडी उभी आहे आणि हप्ते थांबत नसतात. ते २०१८ चं इंजिन घेऊ नका. तुमच्याच पिढीचं, म्हणजे मेकॅनिकल पंपाचं बीएस-३ इंजिन शोधा. ते चांगलं मिळालं नाही तर त्याच पिढीचा नुसता ब्लॉक घ्या आणि तुमच्या इंजिनातला जो माल वाचला असेल तो वापरून इंजिन बांधून घ्या. असं का, ते आता सविस्तर सांगतो. मी पुणे-नाशिक रस्त्यावर पंचवीस वर्षं हेच काम करतोय आणि नारायणगावच्या टोमॅटो हंगामात बंद पडलेली पिकअप म्हणजे घरात काय होतं, ते रोज बघतो.

इंजिन बदलताना लोक साल विचारतात. "कितीचं मॉडेल आहे?" मला सालापेक्षा दोनच गोष्टी विचाराव्याशा वाटतात. डिझेल कशाने मारलं जातं, आणि गाडी कोणत्या बीएसची आहे? २०११ चं इंजिन २०१४ च्या गाडीत काहीही न कापता बसू शकतं. पण २०१६ आणि २०१८ मध्ये दोनच वर्षांचं अंतर असून मधे अख्खी भिंत उभी असू शकते. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर अशा तेरा शहरांत बीएस-४ आलं आणि बाकी देशात त्याच वर्षी बीएस-३. देशभर बीएस-४ झालं ते १ एप्रिल २०१७ ला. सुप्रीम कोर्टाने त्या तारखेनंतर बीएस-३ गाड्यांची विक्रीच बंद केली, तेव्हा शोरूमवाले शेवटचे दोन दिवस मिळेल त्या भावात गाड्या काढत होते, ते तुम्हाला आठवत असेल. पुढे १ एप्रिल २०२० ला बीएस-६. तुमची गाडी या २०१७ च्या भिंतीच्या अलीकडे आहे आणि ते इंजिन पलीकडे.

२५२३ सीसीचं म्हणाल तर ते खरं आहे आणि तिथेच माणूस फसतो. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. मापं अशी अर्धवट वाटतात कारण ती मुळात इंचातली आहेत, साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बीडी-१५४ या जुन्या ट्रॅक्टर इंजिनाचं माप हेच, आणि महिंद्राने ट्रॅक्टरचा कारखाना काढला तो १९६३ मध्ये त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर. या इंजिनाचा दम कमी आरपीएमला जास्त का, ओझं घेऊन ते कुरकुर न करता का ओढतं, याचं उत्तर त्या लांब स्ट्रोकमध्ये आहे. मला या इंजिनाबद्दल मनापासून आदर आहे. पण सीसी म्हणजे पिस्टन किती जागा झाडतो एवढंच. त्या जागेत डिझेल कधी, किती आणि कुणाच्या सांगण्यावरून पडतं, हे सीसी सांगत नाही.

तुमच्या गाडीत ते काम पंप करतो. टायमिंगच्या गिअरवर पंप फिरतो, रेसची केबल त्याचा लिव्हर ओढते, नोझल दाबाने उघडतं. वायर म्हणाल तर डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची. एका वायरवर चालणारं इंजिन आहे ते. २०१८ च्या इंजिनात कॉमन रेल आहे. तिथे पंप फक्त दाब तयार करून रेलमध्ये भरतो, हजार बारच्या वर, आणि नोझल कधी उघडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. ईसीएमला आधी क्रँकचा, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, सेन्सर सांगतो की इंजिन कुठे आहे, कॅमचा सेन्सर सांगतो की कोणता सिलिंडर कोणत्या फेरीत आहे, रेलचा सेन्सर दाब सांगतो, पेडलचा सेन्सर पाय सांगतो. यातला क्रँक सेन्सरचा सिग्नल आला नाही तर सेल्फ कितीही मारा, एक थेंब डिझेल पडत नाही.

म्हणजे ते इंजिन तुमच्या गाडीत घालायचं तर इंजिनाबरोबर त्याच गाडीचा ईसीएम हवा. इंजिनाची पूर्ण वायरिंग हवी, एकही कनेक्टर न कापलेली. तारेचं पेडल काढून इलेक्ट्रॉनिक पेडल हवं. पाणी वेगळं करणारा बारीक जाळीचा फिल्टर, टाकीपासूनच्या लाइनी आणि रिटर्न लाइन त्या पद्धतीची हवी. मीटरला आरपीएम आणि टेंपरेचर ईसीएमकडून येत असेल तर मीटरही हवं. इमोबिलायझर असलेलं मॉडेल असेल तर चावीसुद्धा. शिवाय प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. तो इंजेक्टर किती अचूक मारतो त्याची ती नोंद असते आणि ती स्कॅनरने ईसीएममध्ये भरलेली असते. इंजेक्टर अदलाबदल झाला आणि कोड बदलला नाही तर गाडी चालते, पण धूर आणि ठोका घेऊन.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक काम आलं होतं. मालकाने इंजिन आधीच आणलं होतं, टेंपोतून उतरवलं आणि म्हणाला, "बसवा." वायरिंग बंपरपाशी कापलेली होती. अपघाताची गाडी तोडणारा माणूस पाना घेऊन नव्हे, कटर घेऊन काम करतो. ईसीएम नव्हता, तो आधीच दुसऱ्या कुणी नेला होता. इंजिन माउंटिंगवर बसवायला एक दिवस लागला. पुढचे पाच आठवडे वायरमन, ईसीएम शोधणं आणि स्कॅनरवाल्याच्या फेऱ्या. गाडी अखेर स्टार्ट झाली, पण चढाला पॉवर सोडायची, चेक लाइट पेटायचा, आणि ती व्यथा आजतागायत पूर्ण गेलेली नाही. त्या मालकाने इंजिनाला दिले त्याहून जास्त पैसे वायरिंगवर घातले. तेव्हापासून माझा नियम आहे: बीएसची भिंत ओलांडणारं काम मी घेत नाही, आणि का घेत नाही ते गिऱ्हाइकाला बसवून सांगतो.

यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि तुमच्याही मनात असेल. नव्या इंजिनाचं कॉमन रेल काढून त्यावर माझा जुना पंप-नोझल बसवला तर? लोखंडाच्या भाषेत हे वाटतं तितकं सोपं नाही. हेडमधली नोझलची बैठक कॉमन रेलच्या इंजेक्टरच्या मापाची असते, त्यामुळे हेडही जुनं लागतं. पंपाची बैठक आणि पुढची टायमिंगची बाजूही वेगळी असते. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी कॉमन रेलच्या फवाऱ्यासाठी कोरलेली असते, जुन्या नोझलचा फवारा तिथे नीट जळत नाही. हेड जुनं, पंप जुना, पुढचं कव्हर जुनं, पिस्टन बदलायचे, म्हटल्यावर नव्या इंजिनातून तुम्ही घेतलंत काय? ब्लॉक आणि क्रँक. त्यासाठी पूर्ण इंजिनाचे पैसे कशाला मोजायचे?

उलट दिशेने, म्हणजे २०१८ च्या गाडीत जुनं मेकॅनिकल इंजिन घालून "सेन्सरची कटकट मिटवा" असं सांगणारेही भेटतात. ते तर अजिबात करू नका. बीएस-४ म्हणून नोंद असलेली गाडी बीएस-३ चा धूर सोडायला लागते. तो बदल कायद्याने चालत नाही.

आता योग्य इंजिन कसं निवडायचं ते सांगतो. तुमच्या कामाचा भाग हाच आहे. जुन्या मालासाठी कुर्ल्याला जा, भोसरीकडे जा, नाहीतर ओळखीतून घ्या. इंजिन शक्यतो गाडीतच असताना आणि चालू करून बघा. सकाळी, गार असताना बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणा. गार इंजिन किती सेल्फवर उठतं, उठल्यावर धूर कोणता, आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर तिथून वाफ किती जोरात येते, हे बघायचं. झाकण उलटं करून नुसतं तोंडावर ठेवा. थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर रिंगा गेल्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाण्याचा संशय घ्या, हेडचा किंवा हेड गॅस्केटचा.

इंजिन जमिनीवर ठेवलेलं असेल, जसं बहुतेक वेळा असतं, तर पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून हाताने दोन पूर्ण फेऱ्या मारा. चार ठिकाणी सारखा जोर लागला पाहिजे आणि प्रत्येक ठिकाणी दाब हळूहळू सुटायला पाहिजे. एखाद्या जागी पाना अलगद निघून गेला तर तो सिलिंडर दाब धरत नाही. कुठे खटकन अडला तर आत काहीतरी वाकलेलं आहे. मग पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. हाताला स्पष्ट "टक" लागला तर क्रँकचा थ्रस्ट, म्हणजे त्याला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग, गेलाय. मुख्य पाण्याची नळी जिथे जोडतात तिथे बोट घालून बघा. गंज लालभडक असेल तर त्या माणसाने आयुष्यभर साधं पाणी भरलं. हिरवा किंवा गुलाबी डाग असेल तर कूलंट वापरलंय. या एका बोटावर मी किती तरी इंजिनं नाकारली आहेत. शक्य असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ते इंजिन उघडूनच घालावं लागणार असं धरून भाव करा.

आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर. त्या जागेवर ग्राइंडरची चमक, नवा रंग, किंवा आकडे एका ओळीत नसणं, यातलं काहीही दिसलं तर तिथून चहा न पिता निघायचं.

इंजिन तुमच्या पिढीचं मिळालं तरी ते तुमच्या गिअरबॉक्सला बसेल याची खात्री तिथेच करा, घरी आणून नव्हे. बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरची) भोकं, दोन्ही डावेल पिनांच्या जागा, फ्लायव्हीलचा व्यास, रिंग गिअरचे दात, क्लच प्लेटचं माप. जाताना तुमची जुनी क्लच प्लेट बरोबर न्या. ती त्यांच्या फ्लायव्हीलवर ठेवून बघा, म्हणजे व्हर्नियर लागतच नाही. फरक निघाला तर उपाय सोपा असतो: तुमचं फ्लायव्हील, तुमचा क्लच, तुमचा सेल्फ असा पूर्ण संच नव्या क्रँकवर चढवायचा. दोन संचांची मिसळ करायची नाही. एका गाडीचं फ्लायव्हील आणि दुसरीचा सेल्फ घातला की पहिले आठ दिवस छान चालतं आणि मग रिंग गिअरचे दात झिजून सेल्फ रिकामा फिरायला लागतो.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगतो, कारण नवीन पोरं इथेच गाडी खराब करतात. चेन पुलीवर इंजिन लटकलेलं आहे, दोनशे किलोच्या घरातलं वजन, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचच्या दातांत गेला, बेल हाउसिंग जवळ आली, आणि शेवटचं अर्धा इंच राहिलं. पुढे जात नाही. रात्रीचे अकरा वाजलेत, मालक बाहेर बसलाय. अशा वेळी हात आपोआप बोल्टकडे जातो, की बोल्ट आवळले की ते ओढून घेतील. माझ्या गॅरेजमधल्या एका चांगल्या मुलाने एकदा तसं केलं. तिसऱ्या बोल्टला "टण्" असा आवाज आला आणि बेल हाउसिंगचा कान तुटून खाली पडला. सगळं परत मागे घेतलं तेव्हा कळलं, क्रँकच्या मागच्या टोकातलं पायलट बेअरिंग त्या इंजिनाचं वेगळ्या मापाचं होतं, आपल्या शाफ्टच्या नाकापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर लहान. शाफ्ट आत जाणारच नव्हता. पाचशेच्या आतलं बेअरिंग, आधी हातात धरून शाफ्टवर सरकवून बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. अर्धा इंच राहिलं तर बोल्टला हात लावायचा नाही. इंजिन हलवा, गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट फिरवा, क्लच प्लेट मधोमध आहे का बघा. बरोबर असेल तर ते अर्धा इंच हाताच्या जोराने जातं.

संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, आकारही बघा. फोर व्हील ड्राइव्ह बोलेरो कॅम्परचं इंजिन असेल तर पुढच्या अॅक्सलमुळे संप आणि ऑइलची जाळी वेगळी असू शकते. संप आणि जाळी नेहमी जोडीने बदला. माउंटिंगचे ब्रॅकेट, फॅन, पॉवर स्टिअरिंगचा पंप, सायलेन्सरचा खाली येणारा पाइप, हे सगळं आपल्या जुन्या इंजिनाचं काढून नव्यावर चढवायचं. टर्बो असेल तर त्याची ऑइल देणारी बारीक नळी नवी घ्या, जुनी धुऊन घालू नका, आत काजळी बसलेली असते.

आता ब्रेक. इंजिन बदलताना ब्रेकचा काय संबंध, असं बऱ्याच जणांना वाटतं. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिन स्वतः देत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि आपल्या या गाड्यांत तो बहुतेक अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. त्याला इंजिनातून बारीक नळीने ऑइल जातं आणि परत संपमध्ये येतं. इंजिन अदलाबदलीत अल्टरनेटर इकडचा तिकडे होतो, ऑइलची नळी पिळली जाते, एखादा वॉशर राहतो. गाडी मस्त चालते, आवाज नाही, धूर नाही, आणि पहिल्या उताराला पेडल दगडासारखं घट्ट होतं. तुम्ही टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरणारा माणूस, म्हणून हे नीट लक्षात घ्या. गाडी गॅरेजमधून बाहेर काढण्याआधी इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टार्ट करा. पायाखाली पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर गाडी हलवायची नाही, मग मेकॅनिक काहीही सांगो. मीही सांगितलं तरी नाही.

कागदांचं काम लोक शेवटी करतात, ते आधी करायचं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. बीएस-३ गाडीत त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घातलं तर बदलतो तो फक्त इंजिन नंबर, आणि त्यासाठी आरटीओची परवानगी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवून घेता येतो. परवानगीशिवाय बदल झालाच असेल तर तो १४ दिवसांत कळवावा लागतो, हेही त्याच कलमात आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून इंजिन घेताना पक्कं बिल, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र घ्या. ती गाडी चोरीची नाही असा पोलिसांकडचा दाखलाही बहुतेक ठिकाणी मागतात. आपल्या आरटीओत जाऊन आधी विचारा, त्यांची यादी लिहून घ्या, मग पैसे द्या.

"नंबर कोण बघतो?" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची मालवाहू गाडी आहे, तिचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. इन्स्पेक्टर बघतो. आणि देव न करो, अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी तोच नंबर बघतो. त्या दिवशी आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर वेगळा निघाला तर तुमच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहत नाही.

आता पैशांचा विचार. तुमची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. तिथून पुढे पासिंगचा खर्च वाढतो. म्हणजे जे इंजिन घालाल ते तुम्हाला निदान तेवढी वर्षं विनातक्रार मिळालं पाहिजे, त्याहून जास्त त्याच्यात गुंतवण्यात अर्थ नाही. माझा कल असा: मेकॅनिकल पंपाचं इंजिन चालू अवस्थेत, कागदांसह मिळत असेल तर तेच घ्या. न उघडता घालू नका, निदान संप उतरवून बेअरिंगं बघा आणि हेड खोलून लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीवर, नखं फिरवा. वरच्या बाजूला, जिथे रिंग थांबते तिथे, नखं अडकेल अशी पायरी असेल तर लायनर-पिस्टन तिथेच बदलून टाका, इंजिन बाहेर असताना ते काम निम्म्या मजुरीत होतं. तसं इंजिन मिळालं नाही तर ब्लॉक घ्या. तुमचा क्रँक लेथवाल्याकडे तपासायला द्या, तडा आहे का ते आधी बघायला सांगा, ग्राइंडिंग त्यानंतर. जो कॉनरॉड तुटला त्याच्या शेजारच्या कॉनरॉडवरही माझा विश्वास नसतो, चारही नवे घाला. हेड इतकं तापलंय की ते वाकलं नसेल असं होणं अवघड, फेसिंग केल्याशिवाय आणि पाण्याच्या दाबावर तपासल्याशिवाय बसवू देऊ नका. पंप-नोझल मात्र तुमचे बहुधा शाबूत असतील, त्यांना या अपघातात काही होण्याचं कारण नाही. पंपवाल्याकडे टाकून कॅलिब्रेशन करून घ्या.

आणि ज्यामुळे हे सगळं झालं ते विसरू नका. होज फाटला हे निमित्त. पाणी कशाने तापून दाब वाढला? रेडिएटर आतून बंद असेल, फॅन ढिला असेल, थर्मोस्टॅट कुणीतरी अर्धवट उघडा अडकवून ठेवला असेल, कॅपचा स्प्रिंग गेला असेल. तुटलेल्या इंजिनाचं ऑइल ज्या कूलरमधून आणि नळ्यांमधून गेलं त्यात बेअरिंगचा चुरा बसलेला आहे. तो चुरा नव्या इंजिनाला आठवड्यात संपवतो. ऑइल कूलर बदला किंवा तो पूर्ण साफ झाल्याची डोळ्यांनी खात्री करा. रेडिएटर खोलून घ्या, सगळे होज आणि क्लिपा नव्या घाला. घाटात चालणाऱ्या गाडीला पाण्याचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर वाजणारा बझर लावून घ्या. वायरमनचं तासाभराचं काम आहे, आणि तो बझर असता तर आज हा प्रश्नच आला नसता.

पहिल्या स्टार्टला घाई करू नका. ऑइल भरल्यावर डिझेलचं सोलेनॉइड सुटं ठेवून नुसता सेल्फ मारा, थोडं थोडं थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग हातपंपाने हवा काढा, फिल्टरपाशी आणि नोझलच्या नटांपाशी. पंप उघडून बांधलेला असेल तर एक माणूस एअर क्लीनरच्या तोंडापाशी जाड पुठ्ठा घेऊन उभा ठेवा. पंपाचा लिव्हर आत अडकला आणि इंजिन स्वतःहून रेस घ्यायला लागलं तर किल्ली बंद करून ते थांबेलच असं नाही, हवा बंद केली की थांबतं. पुठ्ठाच वापरायचा, हाताचा तळवा नाही.

मग पहिले काही दिवस रिकामी गाडी ओतूर ते आळेफाटा अशी फिरवा, पुढे अर्धा माल. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेला फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उन्हात उघडून बघा. थोडी राखाडी धूळ चालते. तांब्याच्या रंगाचे चकाकणारे कण दिसले तर गाडी घाटात नेऊ नका, आधी संप उतरवा.